प्रशिक्षण झालं, कामात काय फरक पडला?

प्रशिक्षणाचा शेवटचा अर्धा तास सगळीकडे सारखाच असतो. चहा येतो, ग्रुप फोटो निघतो, प्रमाणपत्रं वाटली जातात आणि त्याच गडबडीत हातात एक फॉर्म येतो. प्रशिक्षकाचं विषयज्ञान कसं होतं, मांडणी कशी वाटली, जेवणाची सोय कशी होती. एक ते पाचपैकी एका आकड्याला गोल करायचा. प्रत्येकाला निघायची घाई असते, प्रशिक्षक समोरच उभा असतो, आणि दोन दिवस मन लावून बोललेल्या माणसाला कमी गुण द्यायला जीव होत नाही. सरासरी साडेचारच्या आसपास येते. एचआरच्या अहवालात ती छापली जाते आणि पुढच्या वर्षी कुणाला बोलवायचं हेही बहुधा तिच्यावरच ठरतं. त्या दोन दिवसांमुळे कामात काय बदललं, हे मात्र त्या कागदावर कुठेच नसतं.

फॉर्म अगदीच टाकाऊ नाही. हॉलमध्ये आवाज पोहोचत नव्हता, उदाहरणं दुसऱ्याच धंद्यातली होती, भाषा डोक्यावरून गेली, हे त्यातून कळतं आणि कळायलाही हवं. पण तो मोजतो ते समाधान. समाधान आणि शिकणं यांचं नातं किती सैल असतं, हे हार्वर्ड विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या वर्गात झालेल्या एका प्रयोगाने फार स्वच्छ दाखवलं. लुई डेलॉरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. विषय तोच, साहित्य तेच. एका गटाने उत्तम व्याख्यान ऐकलं, दुसऱ्याने तीच गणितं आपापसात झगडून सोडवली. चाचणीत झगडणारा गट पुढे गेला. पण ‘आपण किती शिकलो’ असं विचारल्यावर जास्त गुण दिले ते व्याख्यान ऐकणाऱ्यांनी. अडखळलो, चुकलो, डोक्याला ताण पडला की आपल्याला काही जमलं नाही असं वाटतं. कुणी सराईतपणे समजावून दिलं की सगळं कळल्यासारखं वाटतं.

हे कळलं की त्या साडेचार गुणांची खरी अडचण लक्षात येते. ज्या प्रशिक्षकाचं पोट फॉर्मवर आहे, तो हळूहळू वर्ग सुखाचा करायला शिकतो. अवघड सराव कमी होतो, किस्से वाढतात. मोजमाप चुकलं की ते नुसतं चुकीचा आकडा देऊन थांबत नाही, प्रशिक्षणही बिघडवतं.

१९९७ मध्ये जॉर्ज अलिगर आणि सहकाऱ्यांनी तोवर झालेले बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. ‘प्रशिक्षण आवडलं का’ या उत्तराचा पुढे ते कामात वापरलं जाण्याशी जवळपास काहीच संबंध दिसला नाही. ‘हे माझ्या कामाला उपयोगी पडेल असं वाटतं का’ या उत्तराचा थोडा तरी दिसला. म्हणजे फॉर्म ठेवायचाच असेल तर जेवणाचा प्रश्न काढून त्या जागी हा टाकावा: सोमवारी कामावर गेल्यावर यातली कोणती गोष्ट वापराल, आणि ती वापरताना कोण किंवा काय आडवं येईल? उत्तरं वाक्यात लिहायला लावावीत.

या क्षेत्रात ज्यांचं नाव सर्वांत जास्त घेतलं जातं ते डोनाल्ड कर्कपॅट्रिक विस्कॉन्सिन विद्यापीठात सुपरवायझरांना शिकवायचे. १९५९-६० मध्ये अमेरिकेतल्या प्रशिक्षकांच्या संघटनेच्या नियतकालिकात त्यांनी चार लेख लिहिले आणि मोजमापाच्या चार पायऱ्या मांडल्या. लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, कामावर त्यांचं वागणं बदललं का आणि त्यामुळे संस्थेला काय मिळालं. साठ वर्षांनंतरही जगभर याच चार पायऱ्या शिकवल्या जातात. पण त्या वापरताना बहुतेक जण पहिल्या पायरीवर बसून राहतात. फार तर दुसऱ्या पायरीवर जातात, म्हणजे शेवटी वीस प्रश्नांची परीक्षा घेतात.

परीक्षेचं एक दुखणं म्हणजे तिची वेळ. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग प्रत्येक प्रशिक्षण विभागाच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुन:पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचला आणि मग न बघता आठवून लिहिण्याचा सराव केला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने तपासलं तर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. निकाल उलटाच लागला. प्रशिक्षणाच्या दिवशी संध्याकाळी घेतलेली परीक्षा दोन पद्धतींमधली नेमकी चुकीची पद्धत निवडून देऊ शकते, असा याचा अर्थ. तीच परीक्षा महिन्याने घ्या. वीस प्रश्न नकोत, पाच पुरेत.

आपल्याकडे चाकण, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव अशा कुठल्याही एमआयडीसीतल्या शॉपमध्ये शिरलात तर भिंतीवर एक मोठा तक्ता दिसतो. त्याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात. डाव्या बाजूला ऑपरेटरांची नावं, वर मशीनची किंवा ऑपरेशनची नावं आणि प्रत्येक चौकटीत चार भाग केलेलं एक वर्तुळ. पाव भरलं असेल तर माणूस शिकतो आहे. अर्धं भरलं असेल तर कुणी शेजारी उभं असताना काम करतो. पाऊण असेल तर एकटा करतो आणि पूर्ण भरलं असेल तर दुसऱ्याला शिकवू शकतो. माझ्या मते प्रशिक्षण मोजण्याचं यापेक्षा चांगलं साधन कारखान्यांना सापडलेलं नाही. अट एकच आहे. वर्तुळाचा पुढचा पाव भाग त्या माणसाला मशीनवर काम करताना पाहून भरला पाहिजे, वर्गातली हजेरी पाहून नाही. पुष्कळ ठिकाणी नेमकं उलटं होतं. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत कलम ७.२ आहे. कामाला लागणारी क्षमता यावी म्हणून जे काही केलं त्याची परिणामकारकता तपासा, असं ते सांगतं. कलम चांगलं आहे. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात मात्र रजिस्टरमधल्या ‘परिणामकारक’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकाच पेनाने ‘होय’ भरलं जातं. अशाने कलम पाळल्याचा कागद तयार होतो, पण उद्या दुसऱ्या पाळीत त्या मशीनवर कुणाला उभं करायचं हे त्यातून ठरवता येत नाही.

तिसरी पायरी, म्हणजे कामावरचं वागणं, हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. मेंटेनन्सचं उदाहरण घेऊ. मशीन उघडण्यापूर्वी फिटरने मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची आणि नावाचा टॅग अडकवायचा. यालाच लॉकआउट-टॅगआउट म्हणतात. वर्गात हे सगळ्यांना समजतं, परीक्षेत सगळे बरोबर लिहितात. मग रात्री दोन वाजता कन्व्हेयर अडकतो. पाळीचं टार्गेट राहिलेलं असतं, सुपरवायझर डोक्यावर उभा असतो आणि अडकलेला तुकडा हाताने ओढला तर दोन मिनिटांचं काम असतं. तेव्हा कुलूप लागतं का? प्रशिक्षणाची किंमत तिथे ठरते. हे मोजणं अवघडही नाही. महिन्याभरात वेगवेगळ्या पाळ्यांत, न सांगता, वीस वेळा जाऊन पाहायचं आणि वीसपैकी किती वेळा कुलूप होतं ते लिहायचं. प्रशिक्षणाच्या आधीच्या महिन्यात पाच, नंतरच्या महिन्यात सोळा, तीन महिन्यांनी सात असे आकडे आले, तर त्या तीन आकड्यांत फीडबॅक फॉर्मच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त माहिती असते.

सोळावरून सात का झाले, हे शोधायला गेलं की बहुधा फिटर दोषी निघत नाही. कुलपं बाराच आहेत आणि माणसं वीस, किंवा ती स्टोअरमध्ये बंद आणि स्टोअर रात्री उघडत नाही, किंवा लाइन थांबवल्याबद्दल मागच्या महिन्यात कुणालातरी बोलणी बसलेली असतात. टिमोथी बाल्डविन आणि केव्हिन फोर्ड यांनी १९८८ मध्ये हा प्रश्न नीट मांडला. शिकलेलं कामात उतरणं हे शिकणाऱ्यावर आणि शिकवण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतं, तितकंच माणूस परत ज्या जागी जातो त्या जागेवर. त्याच्याही आधी, १९७० मध्ये, रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी एक साधी कसोटी दिली होती. जिवावरच बेतलं तर हे काम त्या माणसाला करता येईल का? येत असेल, तर कौशल्याची उणीव नाही आणि प्रशिक्षणाने ती भरणारही नाही. अडचण साधनांची, वेळेची, बक्षिसाची किंवा भीतीची आहे. प्रशिक्षणावर वाया जाणारा कितीतरी पैसा प्रशिक्षण वाईट असल्यामुळे वाया जात नाही. जिथे कुलपं विकत घ्यायची होती तिथे वर्ग भरवला गेला, म्हणून जातो.

‘प्रशिक्षणातलं फक्त दहा टक्के कामात उतरतं’ असं एक वाक्य या व्यवसायात सर्रास फेकलं जातं. त्याचा माग काढला तेव्हा तो १९८२ च्या एका लेखाशी थांबला. तिथे कोणताही अभ्यास नव्हता, लेखकाने बोलण्याच्या ओघात टाकलेला अंदाज होता. रॉबर्ट फिट्झपॅट्रिक यांनी २००१ मध्ये हे उघड केलं. तरी आकडा अजून फिरतोच आहे. असा सर्वांना लागू पडणारा एकच आकडा असू शकत नाही, कारण कुलपं असलेल्या शॉपमध्ये तो वेगळा येईल आणि नसलेल्या शॉपमध्ये वेगळा.

आता चौथी पायरी: संस्थेला काय मिळालं? इथे माणसं प्रामाणिकपणे फसतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन तरुणपणी इस्राएलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते. एक अनुभवी प्रशिक्षक त्यांना म्हणाला की शाबासकी दिली की पुढचं उड्डाण बिघडतं आणि झापलं की सुधारतं, हे मी कायम पाहिलेलं आहे. त्याने पाहिलेलं खरं होतं, काढलेला अर्थ चुकीचा होता. फार चांगल्या उड्डाणानंतरचं उड्डाण बहुधा नेहमीच्या पातळीवर येतं, फार वाईटानंतरचंही येतं. शाबासकीने किंवा झापण्याने त्यात काही घडत नव्हतं. कंपन्यांमध्ये हेच चालतं. एका तिमाहीत ज्यांची विक्री सर्वांत पडली त्या पंधरा जणांना प्रशिक्षणाला धाडतात. पुढच्या तिमाहीत आकडे वर येतात आणि श्रेय प्रशिक्षणाला जातं. त्यांना धाडलं नसतं तरी त्या वाढीतला बराचसा भाग आलाच असता. म्हणून ‘आधी आणि नंतर’ एवढ्यावर भागत नाही. ज्यांना प्रशिक्षण मिळालं नाही अशी, तशाच परिस्थितीतली माणसं शेजारी ठेवून पाहावं लागतं.

असं पाहिलेलं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या दारातच घडलं. २००८ मध्ये निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी, जॉन रॉबर्ट्स आणि बेन आयफर्ट या अर्थतज्ज्ञांनी तारापूर आणि उंबरगाव पट्ट्यातल्या कापड विणणाऱ्या १७ कंपन्या निवडल्या. सुताच्या साठ्यावर लेबलं नव्हती, मागांभोवती कचरा आणि हत्यारं पसरलेली होती, माग का आणि किती वेळ बंद पडला याची नोंद नव्हती. तयार कापडातले दोष हाताने दुरुस्त करण्यातच मनुष्यबळाचा जवळजवळ पाचवा हिस्सा खर्ची पडत होता. चिठ्ठ्या टाकून काही कारखान्यांना दोन्ही गोष्टी दिल्या: महिनाभर पाहणी आणि नंतर चार महिने सल्लागारांनी शॉपमध्ये उभं राहून करून घेतलेला सराव. बाकीच्यांना फक्त महिनाभराची पाहणी आणि काय चुकतं आहे याचा अहवाल. व्यवस्थापनाच्या ३८ पद्धतींची यादी केली होती. माग बंद पडण्याची रोजची नोंद, दोषांची वर्गवारी, साठ्याची मोजदाद, रोजची बैठक अशा साध्या गोष्टी. सराव मिळालेल्या कारखान्यांत या पद्धतींचं प्रमाण पावभरावरून साठ टक्क्यांच्या पुढे गेलं. नुसता अहवाल मिळालेल्यांत थोडीच हालचाल झाली. सराव मिळालेल्यांची उत्पादकता पहिल्या वर्षात १७ टक्क्यांनी वाढली.

हे निव्वळ वर्गातलं प्रशिक्षण नव्हतं हे खरं. पण आपल्याला हवा तो मुद्दा त्यातूनच निघतो. अहवाल वाचून काय करायला हवं ते दोन्ही गटांना कळलेलं होतं. रोज सकाळी नोंदवही उघडून मालकासमोर ठेवायची सवय एकाच गटाला लागली.

यांतलेच बहुतेक संशोधक नऊ वर्षांनी, २०१७ मध्ये, तिथे परत गेले. प्रशिक्षणाच्या दुनियेत असं सहसा कुणी करत नाही, आणि म्हणून त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. अंगीकारलेल्या पद्धतींपैकी निम्म्याच्या आसपास सुटून गेल्या होत्या. तरी ज्यांना सराव मिळाला ते कारखाने इतरांपेक्षा अजूनही बरेच पुढे होते. त्याच मालकांच्या दुसऱ्या कारखान्यांत पद्धती पसरल्या होत्या, शेजारच्या कंपन्यांत मात्र फारशा नव्हत्या. सुटण्याची कारणं विचारली तेव्हा दोन पुढे आली: मॅनेजर बदलले आणि मालकांना लक्ष द्यायला वेळ राहिला नाही.

पैशाचा हिशेब शेवटी येतोच. जॅक फिलिप्स यांनी कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्यांवर परताव्याची पाचवी चढवली: मिळालेल्या फायद्यातून खर्च वजा करा आणि उरलेल्याला खर्चाने भागा. सूत्र शाळेतल्या मुलालाही कळेल. कस लागतो तो फायद्याच्या जागी काय लिहायचं इथे. समजा भोसरीतल्या एका सीएनसी शॉपमधल्या पहिल्या पाळीच्या ३० ऑपरेटरांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. फी, जेवणखाण आणि बुडालेल्या दिवसांची मजुरी धरून खर्च १,३०,००० रुपये. ही मजुरी धरायलाच हवी, बहुतेक हिशेबांत तीच गाळलेली असते. पाळीचं उत्पादन महिन्याला ५०,००० नग, एका रिजेक्ट नगाचं नुकसान ८० रुपये. रिजेक्शन चार टक्क्यांवरून तीनवर आलं. म्हणजे महिन्याला ५०० नग, ४०,००० रुपये. वर्षाला ४,८०,००० आणि परतावा सुमारे २७० टक्के. टाळ्या पडतात. पण दुसऱ्या पाळीत, जिथे प्रशिक्षण झालंच नाही, तिथेही रिजेक्शन ४ वरून ३.६ वर आलेलं असतं, कारण मधल्या काळात कच्चा माल बदलला. मग प्रशिक्षणाच्या वाट्याला येतात ०.६ टक्के: ३०० नग, महिन्याला २४,००० रुपये आणि वर्षाचा परतावा सुमारे १२० टक्के. हेही उत्तमच. आता सुधारणा चार महिनेच टिकली असं धरा. फायदा ९६,००० आणि खर्च १,३०,०००. तोटा. प्रशिक्षण एकच, आणि दुसऱ्या पाळीकडे पाहिलं की नाही आणि पाचव्या महिन्यात परत मोजलं की नाही एवढ्यावर उत्तर बदलत गेलं.

जिथे नग मोजता येत नाहीत, उदाहरणार्थ टीम लीडरांचं प्रशिक्षण, तिथे रुपयांचा आकडा ओढूनताणून आणू नये असं माझं मत आहे. तिथे रॉबर्ट ब्रिंकरहॉफ यांची रीत बरी. सगळ्यांची सरासरी काढत बसायचं नाही. ज्यांनी शिकलेलं सर्वांत जास्त वापरलं असे काही जण शोधायचे आणि ज्यांनी अजिबात वापरलं नाही असेही काही जण. दोघांकडे जाऊन नीट विचारायचं: नेमकं काय केलंत, पुरावा दाखवा, मदत कुणाची झाली, अडवलं कुणी? आठ-दहा मुलाखतींत कळतं की फरक वर्गात पडला नव्हता, वरच्या साहेबात होता.

परतावा कुणाचा, हा प्रश्न या साऱ्या सूत्रांत क्वचितच येतो. बेंगळुरूतल्या शाही एक्स्पोर्ट्सच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत न्यशधाम यांनी एक प्रयोग केला. शिलाईच्या लाइनवरच्या बायकांना जवळपास वर्षभर, आठवड्याला थोडा वेळ, संवाद, वेळेचं नियोजन, अडचण मांडणं आणि सोडवणं अशा गोष्टी शिकवल्या. इच्छुक जास्त आणि जागा कमी, म्हणून सोडत काढली. प्रशिक्षण मिळालेल्या बायकांची उत्पादकता इतरांपेक्षा सुमारे साडेतेरा टक्क्यांनी जास्त निघाली. त्यांच्या लाइनवरच्या, प्रशिक्षण न मिळालेल्या सोबतिणींचंही काम सुधारलं. प्रशिक्षण संपून आठ महिने होईपर्यंत कंपनीला खर्चावर अडीचशे टक्क्यांहून जास्त निव्वळ परतावा मिळाला होता. प्रशिक्षित बाई नोकरी सोडून जाईल अशी भीती मालक नेहमी बोलून दाखवतात, ती इथे खरी ठरली नाही. आणि मजुरी वाढली ती जेमतेम अर्धा टक्का.

कर्कपॅट्रिकच्या चौथ्या पायरीने मोजलं तर हे प्रशिक्षण अत्यंत यशस्वी ठरतं, आणि ते यशस्वी होतंच. पण लाइनच्या सुपरवायझरला ‘ही कॉलर बसत नाही, पॅटर्न तपासा’ असं न घाबरता सांगायला ज्या बाईने शिकून घेतलं, तिच्या पगाराच्या चिठ्ठीचाही एक रकाना त्या हिशेबात हवा. कंपनीचा परतावा आणि कामगाराचा परतावा असे दोन आकडे शेजारी शेजारी लिहायला फार कष्ट पडत नाहीत. पगाराची माहिती एचआरच्या त्याच संगणकात असते.